टाका नसलेलं ऑपरेशन

माझ्या ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली. पोटावर टाका नाही, व्रण नाही, शोधायला गेलात तर खूण सापडायची नाही. मी खडखडीत बरी आहे. रोज शाळेत जाते, साठ पोरांवर ओरडते, घरी येऊन पोळ्या लाटते. माझ्या सासूबाई मात्र नाहीत. त्यांना आम्ही सगळे माई म्हणत असू. आम्हा दोघींना एकाच घरात, एकाच सुमाराला अंगावरून जायची तक्रार सुरू झाली. मी ती सांगितली आणि वाचले. त्यांनी लपवली आणि त्या गेल्या. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. पण माईंनी मला विचारलं होतं, आणि मी रागाच्या भरात त्यांना खोटं उत्तर दिलं.

जिला हे वाचताना स्वतःचंच काहीतरी आठवेल, तिनं माझी हकिगत पुरी वाचली नाही तरी चालेल. आधी डॉक्टरकडे जावं, मग सवडीनं वाचावं.

*

आम्ही राहात्याचे. हे साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. घरात माई, आम्ही दोघं आणि नीलू, तेव्हा चार वर्षांची. सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. देव, कुळधर्म, सोवळंओवळं सगळं माईंच्या हातात आणि बाई भलत्याच कडक. त्यांची पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, त्यामुळे स्वयंपाकघरात त्यांना कधी खाडा नसे. ह्या गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान! 'माझ्या हातचा नैवेद्य एक दिवस चुकला नाही,' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

मी महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत. घोंगडी वेगळी, तांब्या वेगळा, ताट वेगळं. त्याच चार दिवसांत शाळेत मी साठ पोरांच्या पाट्या हाताळायची, हेडमास्तरांच्या माठातलं पाणी प्यायची, कुणाचं काही बिघडलं नाही. घरी आलं की हंड्यावर माझी सावलीसुद्धा चालत नसे. हसायचं का रडायचं तुम्हीच सांगा.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि माझ्या चार दिवसांचे आठ झाले, आठाचे बारा. मधे दोन दिवस बरे जायचे, न्हाणं व्हायचं, मी पोळपाटाला हात लावते न लावते तोच पुन्हा डाग. माईंचा नियम पक्का. डाग दिसला की मोजणी पहिल्यापासून.

"पुन्हा बाहेर," एवढंच त्या आतून म्हणायच्या.

पौषात मी सलग सव्वीस दिवस पडवीत होते. थंडी मी म्हणत होती. नीलू मला शिवली की तिला लगेच आंघोळ. एका दिवसात पोरीला तीन-तीनदा गार पाणी पडायचं, शेवटी छातीत कफ भरला. मग मीच तिला हाकलायला लागले. "लांब हो, लांब हो म्हटलं ना!" आठवड्याभरात पोरगी शहाणी झाली. उंबऱ्याच्या आत उभी राहायची आणि तिथूनच विचारायची, "आई, आज शिवू का?" मी नाही म्हटलं की निमूट आत जायची. त्या दिवसांत मी माईंचा जेवढा द्वेष केला, तेवढा जन्मात कुणाचा केला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल.

अशोकारिष्टाच्या बाटल्या झाल्या, दूर्वांचा रस झाला, गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली. ह्यांचा स्वभाव गरीब. बायकांच्या दुखण्याचा विषय निघाला की पेपर उघडून बसायचे. शेवटी एक दिवस फळ्यावर पाढा लिहिता लिहिता मी खाली कोसळले. पोरांनी शुद्धीवर आणलं, हेडमास्तरांनी कारखान्यात निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा टाकली आणि आम्ही नगरची एसटी धरली.

*

नगरला बायकांचा एक दवाखाना होता. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला तुसड्या, हाताला हलक्या. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "पिशवीच्या आत कोंब आलेत. बटाट्याला फुटतात ना, तसे. ते काढले की रक्त थांबेल."

"पोट फाडायचं?"

"कशाला? खालून जायचं, पिळून काढायचे, पिशवी आतून खरवडायची. अर्ध्या तासाचं काम. काढलेलं पुण्याला तपासायला पाठवू."

"तपासायला कशाला?"

त्या हात पुसत होत्या. म्हणाल्या, "वाईट काही नाही ना, ते बघायला."

त्यांनी नाव घेतलं नाही, पण मी काय कुक्कुलं बाळ होते? कॅन्सर हा शब्द तेव्हा आम्ही मोठ्यानं उच्चारत नसू. बाहेर येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नसेल तसं काही," आणि रुमालानं चष्मा पुसत बसले, चांगला लख्ख असलेला चष्मा. मी मेले तर नीलूला माई सांभाळतील, ती दिवसातून चार आंघोळी करत मोठी होईल, असे काहीबाही विचार माझ्या डोक्यात येत होते. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता.

*

वॉर्डात आम्ही नऊ जणी. कुणाचं अंगावर जात होतं, कुणाचं पोटातलं गेलं होतं, कुणी बाळंतीण. पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला चहा, मग झाडलोट, मग डॉक्टरीणबाईंची फेरी. दुपारी हे भावकीतल्या एका घरून डबा घेऊन यायचे.

पहिल्याच सकाळी आया ताराबाई एका किटलीतून सगळ्यांना चहा ओतत आली. मी सवयीनं कप खाली ठेवला, लांबून ओतून घ्यायला.

"आवं, हातात धरा की बाई! खाली कशापायी ठिवताय?"

"मी... म्हणजे माझं चालू आहे."

ताराबाई हसायला लागली. "हितं समद्यांचंच चालू हाय! कुनी कुनाला शिवायचं न्हाई म्हनलं तर च्या कुनी वाटायचा?"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले आणि हसता हसताच रडायला लागले ते थांबेना. तीन महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. ताराबाई किटली ठेवून कॉटवर टेकली आणि माझ्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत बसली. पलीकडची काष्टी गावची एक शेतकरीण म्हणाली, "रडा वो, मोकळ्या व्हा. मी बी पैल्या दिवशी लई रडलेती." तिनं मला शेंगदाण्याचा लाडू दिला. तो मी तिच्या हातून घेऊन खाल्ला.

ऑपरेशनचा दिवस आला. टेबलावर घेतलं, नाकावर काहीतरी ठेवलं, आकडे मोजा म्हणाले. मी मास्तरीण, मोजायला मागे कशाला राहते! अकरापर्यंत मोजलेलं आठवतंय. जाग आली तेव्हा वॉर्डात होते. पोटावरून हात फिरवला, काहीच नाही. ना पट्टी, ना टाका. मला वाटलं, केलंच नाही. काहीतरी भयंकर दिसलं म्हणून तसंच सोडून दिलं.

"ताराबाई, झालं नाही का?"

"झालं की! दोन कोंब निगालं. एक शेंगदान्यायेवढा, एक त्येच्याहून बारका. सुरी लागली न्हाई, दोरा लागला न्हाई. झोपा आता."

ओटीपोटात पाळीत दुखतं तसं दोन दिवस दुखलं, बस्स. तिसऱ्या दिवशी घरी. पंधरवड्यानं चिठ्ठी आली की काढलेले कोंब साधे आहेत, काळजीचं कारण नाही. ह्यांनी ती चिठ्ठी मला तीनदा वाचून दाखवली, जशी काही मला वाचता येत नव्हती.

*

आता ते सांगते, जे सांगायला हात जड होतोय.

घरी आले त्या दिवशी माईंनी पहिला प्रश्न विचारला, "टाका कुठाय?"

"टाका नसतो ह्यात."

"टाका नाही आणि ऑपरेशन?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तेव्हा गर्भपाताच्या नव्या कायद्याचं पेपरात येत होतं. टाका नाही आणि पिशवी साफ केली, म्हणजे मास्तरीण नगरला जाऊन मोकळी होऊन आली, असं आळीत कुजबुजत होते, ते माझ्या कानावर आलं होतं. माईंनाही तेच वाटतंय अशी माझी खात्री झाली. खात्री कसली, मला तसं वाटायलाच हवं होतं. राग धरायला सोपं जातं.

मग चैत्रातली एक दुपार. माई फुलवाती वळत होत्या, मी वह्या तपासत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या वाती वळता वळता, मान वर न करता म्हणाल्या, "सुमन, तिथं बाप्ये डॉक्टर असतात का गं?"

मी वहीत खुणा करत राहिले.

"आणि सगळं... उघडं करावं लागतं का?"

"कशाला विचारताय?"

"सहज गं. फार दुखतं का?"

त्यांचा आवाज फौजदारासारखा चौकशीचा वाटला मला. वाटलं, ही बाई माझी उलटतपासणी घेतेय, कुठेतरी मी अडखळेन आणि माझं पाप हिच्या हाती लागेल. पौषातली पडवी आठवली, गारठलेली नीलू आठवली. मी पेन खाली ठेवलं आणि ठसक्यात म्हणाले, "हो, असतात की बाप्ये! एक का दोन? कमरेखाली काही म्हणजे काही ठेवत नाहीत. आणि दुखतं म्हणजे? जीव जातो. चार जण हातपाय धरून ठेवतात, म्हणून हलता येत नाही. झालं समाधान?"

माईंच्या हातातली वात तशीच राहिली. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या. पुन्हा ह्या विषयावर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. चांगली जिरवली, असं वाटलं.

*

त्या साली पाऊस पडलाच नाही. बाहत्तरच्या दुष्काळाचं वर्णन मी करत बसत नाही, ज्यांनी काढला त्यांना ठाऊक आहे. आमच्या आळीला एक दिवसाआड पाणी यायचं. मी माणशी हिशेबानं हंडे, कळशा भरून ठेवायची आणि तरी रोज दोन कळशा पाणी कमी भरायचं. मी नीलूला रागावले, मोलकरणीवर आळ घेतला. माई मधे पडून म्हणाल्या, "माझ्याच हातून सांडलं असेल गं, म्हातारपणी हात कापतात." त्या वाळल्याही होत्या. दुष्काळात कोण वाळलं नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मार्गशीर्षात सासऱ्यांचं श्राद्ध झालं. सगळा स्वयंपाक माईंनी ओल्या लुगड्यात एकटीनं केला. वडे तळताना दोनदा भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मी तळते," तर "तू राहू दे, मला सवय आहे," म्हणाल्या.

त्यानंतर आठ-दहा दिवसांतच एकदा शाळा लवकर सुटली. मी मागच्या दारानं आले. माई धुण्याच्या दगडाशी बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. दगडावरून लाल पाणी वाहत मोरीकडे चाललं होतं. माझी चाहूल लागली तशी त्यांनी घमेलं ओढून पाठीमागे लपवलं, लहान पोरीनं खाऊ लपवावा तसं.

"माई, हे काय?"

"काही नाही. जा तू आत."

"किती दिवस?"

 मी त्यांच्यासमोर खाली बसले. "माई, किती दिवसांपासून?"

"तुझं सुरू झालं त्याच सुमारास," त्या म्हणाल्या. "आधी थोडं थोडं. आता थांबत नाही." आणि मग माझा हात घट्ट धरून, "सुमन, तुझ्या पाया पडते, कुणाला सांगू नको. वर्षभराचा नैवेद्य केला गं मी ह्या हातांनी. ह्यांच्या श्राद्धाचं पान वाढलं. देव मला कुठं ठेवेल?"

त्या क्षणी चैत्रातली ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली. बाप्ये असतात का, उघडं करावं लागतं का, दुखतं का. कुणाची उलटतपासणी नि कसलं काय! घाबरलेली एक बाई स्वतःसाठी विचारत होती. मी तिला म्हणाले होते, चार जण धरून ठेवतात. मला तिथेच दगडावर डोकं आपटावंसं वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नगर. वाटेत राहुरीला चहा आणला, माईंनी घेतला नाही. त्या पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. टेबलावर घेतलं तेव्हा मला आत राहू दिलं नाही. मी दाराबाहेर उभी. भूल देऊन तुकडा काढला, पुन्हा तोच वॉर्ड, तीच ताराबाई.

माई शुद्धीवर आल्या तेव्हा मी उशाशी होते. त्यांनी आधी हात हलवून पाहिले, मग पाय. मग माझ्याकडे वळून अगदी नवलानं म्हणाल्या, "अगं, कुणी धरलंच नाही मला. बाईच होती डॉक्टर. काहीसुद्धा दुखलं नाही." आणि थोड्या वेळानं, "मी उगीच भ्याले बघ."

 आत्ता सांग, आत्ता सांग, असं मन ओरडत होतं. मी त्यांच्या तोंडाशी पाण्याचा चमचा धरला आणि गप्प राहिले.

पुण्याची चिठ्ठी आली. माईंचा साधा कोंब नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. मी विचारलं, "चैत्रात आणलं असतं तर?"

त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "आता ते धरून बसू नका. पुण्याला किरणांचा शेक देतात, तो देऊन बघू."

त्यांनी 'तरी उपयोग नव्हता' असं म्हणावं म्हणून मी किती वेळ तिथे उभी राहिले. त्यांनी काही तसं म्हटलं नाही.

*

पुण्यात दीड महिना शेक झाले. मग घरी. पुढचे चार महिने माई अंथरुणावर होत्या, आणि मी सगळं केलं. बिनपगारी रजा काढली. त्यांचे कपडे धुतले, त्यांना पुसलं, कुशीवर वळवलं. सोवळंओवळं आपोआप गळून पडलं. त्यांना देवघराच्या दारातच खाट टाकून दिली आणि त्यांच्यादेखत रोज नैवेद्य मी दाखवला. नीलू त्यांच्या पोटाशी झोपायची, कुणी कुणाला अडवलं नाही.

हे चार महिने फार वाईट होते, आणि सांगायला विचित्र वाटतं, पण आम्हा दोघींचं त्याच चार महिन्यांत जमलं. दुखणं कमी असलं की त्या मला त्यांच्या माहेरच्या गमती सांगायच्या. मी हसायची. मनात मात्र रोज ठरवायची, आज सांगेन, की माई, मी खोटं बोलले होते. रोज संध्याकाळी वाटायचं, आज त्यांना बरं वाटतंय, कशाला दुखवा. आणि दुसऱ्या दिवशी वाटायचं, आज फार दुखतंय, आज नको.

भेटायला बायका यायच्या. माई प्रत्येकीला सांगायच्या, "सुमननं धरून नेलं म्हणून तेवढे तरी दिवस मिळाले. अशी सून सगळ्यांना मिळो." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या आणि मी चहा ठेवायला आत जायची. ज्येष्ठात माई गेल्या. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की भित्रेपणा त्यांचाच. मी त्यांना तसं वाटू दिलं.

ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांना एवढंच सांगायचं आहे. पाळी जाऊन वर्षं लोटली आणि पुन्हा डाग दिसला, तर तो लपवू नका. देव असल्या गोष्टीनं कोपत नाही, आणि कोपत असलाच तर मी त्याच्याशी भांडेन. आणि तुम्हाला कुणी चाचरत काही विचारलं, तर तिच्यावर कितीही राग असो, खरं सांगा. कुणी हातपाय धरत नाही. झोपेत होतं. टाकासुद्धा पडत नाही.

*

हे सगळं लिहून झाल्यावर मी काल ह्यांच्या हातात दिलं. म्हटलं, छापायला देण्याआधी तुम्ही वाचा, तुमच्या आईचं आहे.  वाटलं, हा माणूस आता माझं तोंड बघणार नाही.

त्यांनी सावकाश वाचलं. मग चष्मा काढून तसाच हातात धरून बसले. म्हणाले, "माईंनी आधी मला विचारलं होतं."

"काय?"

"तुला घेऊन आलो त्याच आठवड्यात. म्हणाल्या, 'मलाही एकदा नगरला दाखवून आणशील का रे?' मी म्हटलं, कशासाठी. त्या काही बोलल्या नाहीत. मला कळलं होतं बायकांचं काहीतरी असणार. मला लाज वाटली. मी म्हटलं, ते मला नका सांगू, सुमनला विचारा."